'रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे नेमकं काय? कचऱ्याच्या एका चाचणीची गोष्ट

"रिपोर्ट नॉर्मल आलाय ना डॉक्टर, मग काळजी नाही!" हे दवाखान्यात रोज ऐकू येतं. पण चाचणीला प्रश्न कोणता विचारला होता, हेही पाहावं लागतं. कचऱ्याच्या एका चाचणीचा इतिहास हेच शिकवतो.

कारखान्याच्या राखेत, गाळात शिसं किंवा आर्सेनिक असू शकतं. ते तिथेच घट्ट बसून राहिलं तर भूजलाला धोका कमी. पावसाच्या पाण्यात विरघळून झिरपलं तर विहिरीत उतरतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. आर्सेनिक वर्षानुवर्षं पोटात गेलं तर त्वचेचे विकार आणि कर्करोगही होऊ शकतो. म्हणून कचऱ्यात विष किती आहे, यासोबतच त्यातून किती सुटतं, हे मोजावं लागतं.

अमेरिकेत १९७६ मध्ये घातक कचऱ्याचा कायदा झाला. १९७८ मध्ये 'लव्ह कॅनॉल' वस्तीखाली पुरलेल्या रसायनांमुळे लोकांना घरं सोडावी लागली. १९८० मध्ये पहिली ठरावीक चाचणी आली आणि १९९० मध्ये तिची सुधारित आवृत्ती, 'टीसीएलपी'. कचऱ्याच्या वीसपट वजनाचं सौम्य ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) बाटलीत घालून ती सुमारे १८ तास फिरवायची आणि द्रव गाळून तपासायचा. लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा जास्त शिसं निघालं, तर कचरा घातक. आम्लच का? घरगुती कचरा कुजताना आम्लं तयार होतात. कारखान्याचा कचरा त्याच्यासोबत पुरला तर काय होईल, याची ही नक्कल होती.

पण सगळेच खड्डे आम्लधर्मी नसतात. ॲल्युमिनियम कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या कचऱ्याच्या बाबतीत चाचणीचा अंदाज चुकला. खड्ड्यातलं पाणी तीव्र अल्कधर्मी होतं आणि त्यात फ्लोराइड व आर्सेनिक अंदाजापेक्षा जास्त निघालं. त्या कचऱ्यासाठी ही चाचणी वापरणं १९९८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने अमान्य केलं. पुढे आम्लापासून अल्कलीपर्यंत वेगवेगळ्या पाण्यात तपासणाऱ्या पद्धती आल्या.

भारताच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांतही टीसीएलपी आहे. चाचणी उपयोगी आहेच. पण ती विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. म्हणून कचरा डेपोजवळ विहीर किंवा बोअरवेल असेल, तर कचऱ्याच्या रिपोर्टवर विसंबू नका. पाणीच प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि शिसं व आर्सेनिक तपासायला आवर्जून सांगा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, हे धातू जात नाहीत.