माजघरातील अंधारखोली : फाळके यांच्या घरातील फिल्म-धुलाई आणि सरस्वतीबाईंचे श्रम

प्रस्तावना

मुंबई-कर्जत लोहमार्गावर नेरळच्या अलीकडे वांगणी हे गाव लागते. ठाणे जिल्ह्याची हद्द तेथे संपत येते आणि उल्हास नदीच्या खोऱ्यात पोशीर, कळंब ही कर्जत तालुक्यातील गावे सुरू होतात. १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळेपर्यंत हा भाग कुलाबा जिल्ह्यात गणला जात असे. चौक येथे २००५ मध्ये उभारलेल्या एन. डी. स्टुडिओमुळे या परिसराचे चित्रपटाशी असलेले नाते अलीकडचे वाटते. ते वस्तुतः मूकपटाच्या आरंभाइतके जुने आहे. दादासाहेब फाळके यांच्या चरित्रातून सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीनुसार ‘राजा हरिश्चंद्र’चे बाह्यचित्रण वांगणी येथे झाले. वेषभूषा केलेली मंडळी व त्यांच्या तलवारी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरांचा संशय आला आणि सर्वांना अटक झाली. कॅमेऱ्यात फिल्म न घालता चित्रणाचे प्रात्यक्षिक दाखविल्यावरच त्यांची सुटका झाली, असे सांगतात.

ही हकीकत आवडीने सांगितली जाते. मात्र अशा बाह्यचित्रणातून परत आलेली फिल्म कोठे गेली, ती कोणी धुतली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

घर हीच प्रयोगशाळा

१९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी चित्रपटनिर्मितीचे तंत्र पाहिले, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा खरेदी केला, कोडॅकची कच्ची फिल्म व ती छिद्रित करण्याचे यंत्र मागविले आणि एप्रिलमध्ये ते परतले. छायाचित्रणाची रसायने त्यांना नवीन नव्हती. बडोद्याच्या कलाभवनातील शिक्षण, गोध्रा येथील छायाचित्रणाचा व्यवसाय आणि लोणावळ्यातील छपाईचा उद्योग यांतून त्यांचा हात तयार झालेला होता. नवी होती ती फिल्मची लांबी. काचेची एक पट्टी थाळीत बुडवून धुणे निराळे आणि शेकडो फुटांची फीत एकसारखी धुणे निराळे.

हे काम दादर येथील मथुरा भवन या त्यांच्या राहत्या जागेत होत असे. दिवसा चित्रण आणि रात्री धुलाई असा क्रम होता. रात्रीच्या या कामात त्यांची सहकारी होती ती त्यांची पत्नी सरस्वतीबाई. फिल्मला छिद्रे पाडणे व ती धुणे या दोन्ही क्रिया फाळके यांनी त्यांना शिकविल्या होत्या.

छिद्रे पाडण्याचे काम वरकरणी किरकोळ वाटते. त्याचा हिशेब करून पाहणे उद्बोधक ठरते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना मिळून आठ छिद्रे लागतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. म्हणजे ५९,२०० चौकटी आणि ४,७३,६०० छिद्रे. वाया गेलेली फिल्म आणि प्रदर्शनाच्या प्रती यांचा यात समावेश नाही. कच्ची फिल्म हाताळावयाची ती अंधारात किंवा तिला बाधणार नाही अशा मंद लाल प्रकाशात. छिद्रांचे अंतर किंचित चुकले तरी पडद्यावर चित्र थरथरते.

धुलाईची त्या काळातील प्रचलित पद्धत अशी होती : फिल्म लाकडी चौकटीवर गुंडाळून ती उभ्या टाक्यांमध्ये क्रमाने बुडवीत. पहिल्या टाकीत प्रतिमा प्रकट करणारे द्रावण, मग पाणी, त्यानंतर हायपो आणि अखेरीस भरपूर पाण्याने धुलाई. धुतलेली फीत मोठ्या पिंपावर गुंडाळून वाळवीत. द्रावणाचे तापमान १८ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे लागते. मुंबईचे पाणी वर्षाचा बराच काळ याहून उष्ण असते. उष्ण द्रावणात प्रतिमा वेगाने काळवंडते, जिलेटिनचा थर फुगतो आणि बोट लागले तरी निघून येतो. घड्याळाइतकाच नजरेचाही भरवसा येथे लागे. फीत द्रावणातून केव्हा काढावयाची, हा निर्णय काही क्षणांचा असे आणि तो चुकला तर दिवसभराचे चित्रण गेलेच.

याच सुमारास युरोप-अमेरिकेत हौशी छायाचित्रकारांसाठी घरगुती टाक्या निघाल्या होत्या. कोडॅकने १९०२ मध्ये आणलेल्या उपकरणात साधा रोल उजेडातच धुता येई. पुढे बेकेलाइटच्या आणि नंतर प्लास्टिकच्या लहान टाक्या भारतातील हौशी मंडळींच्या न्हाणीघरांतही पोहोचल्या. चित्रपटाची लांबलचक फीत मात्र अशा डबीत मावणारी नव्हती. तिच्यासाठी खोलीच अंधारी करावी लागे.

श्रमाची नोंद

चित्रपटाच्या इतिहासात सरस्वतीबाई येतात त्या प्रामुख्याने दागिने गहाण ठेवू देणारी आणि कंपनीतील सर्वांचे जेवणखाण सांभाळणारी गृहिणी म्हणून. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या ‘त्याग’ या सदरात मोडतात, ‘तंत्र’ या सदरात नव्हे. कॅमेरा चालविणाऱ्या त्र्यंबक तेलंग यांचा उल्लेख तंत्रज्ञ म्हणून होतो. फिल्म धुणाऱ्या स्त्रीचा होत नाही. मराठीत आपण ‘रोल धुवायला दिला’ असे सहज म्हणतो. धुणे हा शब्दच घरकामाचा असल्याने त्यामागील कौशल्य नजरेआड होणे सोपे झाले असावे. वास्तविक चुलीवरचा पदार्थ नेमका केव्हा उतरवावा हे जाणणारी नजर आणि टाकीतील प्रतिमा पारखणारी नजर यांत फारसे अंतर नाही.

बाह्यचित्रणाच्या संदर्भात या कामाचे महत्त्व अधिक जाणवते. गावात टिपलेले दृश्य फिल्मवर उतरले की नाही, हे घरी परतून धुलाई होईपर्यंत कोणालाही कळत नसे. दृश्य बिघडले असेल तर माणसे, पोशाख व सामान घेऊन पुन्हा तोच प्रवास करावा लागे. घर गहाण पडण्याच्या मर्यादेपर्यंत खर्च ताणलेल्या उद्योगाला असा प्रवास परवडणारा नव्हता. सहा महिने सत्तावीस दिवसांच्या त्या निर्मितीत प्रत्येक दृश्याचा अखेरचा निकाल अंधारखोलीतच लागत होता.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्या कथेची सुमारे १,४७५ फूट फिल्म जतन झाली. ती १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. १९१७ मध्येच फाळके यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक लघुपट काढला. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात.