नीळ : पानातून, डांबरातून, जिवाणूतून

कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयाला ‘प्रोग्रॅम करता येणारे जिवाणू आणि स्वच्छ उत्पादन’ असं भारदस्त नाव दिलेलं आहे. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं. प्रयोगशाळेत आमचं काही काम नाही, पण ‘स्वच्छ’ हा शब्द आला की आमचे कान टवकारतात. स्वच्छ म्हणजे कुठे स्वच्छ आणि कोणासाठी? हे नुसतं हवेत बोलून कळणार नाही, म्हणून आज आपण एकच पदार्थ धरून चालू. तो म्हणजे नीळ, जीन्सला निळा रंग देणारी. (घरी पांढऱ्या कपड्यांना देत होतो ती नीळ वेगळी, तो अल्ट्रामरीन. गल्लत नको.)

आधी हौदापाशी जाऊ. निळीच्या झाडाच्या पानात नीळ नसतेच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पानात असतं इंडिकन. ते रंगहीन असतं. इंडॉक्सिल नावाच्या रेणूला साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा एक रेणू चिकटलेला, एवढंच ते. पानं हौदात भिजत घातली की आंबतात, साखर सुटते आणि इंडॉक्सिल पाण्यात उतरतं. मग मजूर हौदात उतरून ते पाणी बदडत बसायचे. हवा लागली की निळा गाळ तळाशी बसायचा आणि त्याच्या वड्या पाडायच्या.

पण ही वडी पाण्यात विरघळत नाही, मग कापडात शिरणार कशी? त्यासाठी रंगाऱ्याचा दुसरा हौद. त्यात गूळ, चुना, टाकळ्याच्या बिया घालून ते सगळं आंबवायचं. त्यातले जिवाणू निळीला पिवळट हिरव्या, विरघळणाऱ्या रूपात आणतात. त्यात बुडवलेलं कापड बाहेर काढलं की हवेत डोळ्यांदेखत निळं होतं. म्हणजे बघा, जिवाणू या धंद्यात पहिल्यापासून आहेत. रंगाऱ्याला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं, पण त्यांना सांभाळायचं कसं हे पुरतं ठाऊक होतं.

हे सगळं आजच्या अर्थाने ‘नैसर्गिक’ होतं. आणि त्याच नैसर्गिक निळीपायी १८५९-६० मध्ये बंगालच्या रयतेने बंड केलं. दीनबंधू मित्रांचं ‘नीलदर्पण’ हे नाटक १८६० चं. त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना एक महिना तुरुंग आणि हजार रुपये दंड झाला. बिहारात चंपारणला तिनकठिया पद्धत होती. बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे, शेतकऱ्याची इच्छा असो वा नसो. झाडातून आलेला रंग, पण हिशेबात स्वच्छ म्हणता येईल का?

तिकडे जर्मनीत आडोल्फ फॉन बायर यांनी १८८३ पर्यंत निळीच्या रेणूची रचना उलगडली. प्रयोगशाळेत नीळ करणं जमलं, परवडेना. बीएएसएफ कंपनीने त्यात वर्षानुवर्षं पैसा ओतला आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली. कच्चा माल कोणता? नॅप्थॅलिन, म्हणजे कपाटातली आपली डांबरगोळी! ही गोळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८९७ मध्ये झाडांपासून सुमारे १९,००० टन नीळ होत होती. १९१४ मध्ये ती १,००० टनांवर आली. चंपारणच्या शेतकऱ्याला वाटलं असेल, सुटलो. पण झालं उलटंच. निळीत आता नफा नाही म्हटल्यावर मळेवाल्यांनी नीळ लावण्याच्या सक्तीतून ‘मुक्त’ करण्याची किंमत शेतकऱ्याकडूनच वसूल केली. कुठे खंड वाढवून (त्याला शरहबेशी म्हणत), कुठे एकरकमी तावान घेऊन. जर्मनीतल्या एका शोधाचं बिल बिहारच्या कुळाने भरलं! पुढे महायुद्धात जर्मन नीळ बंद झाली, भाव चढले आणि पुन्हा नीळ लावा म्हणून तगादा सुरू झाला. १९१७ मध्ये गांधीजी तिथे पोचले ते या पार्श्वभूमीवर. चौकशी झाली, तावानातले पंचवीस टक्के परत करण्याचं ठरलं आणि १९१८ च्या कायद्याने तिनकठिया संपली. रसायनशास्त्राच्या इतिहासात हे प्रकरण सहसा येत नाही. आमच्या मते यायला हवं.

कारखान्यातल्या निळीने मजुराला हौदाबाहेर काढलं खरं, पण घाणीने जागा बदलली. पुढे रुळलेल्या पद्धतीत ॲनिलिन लागतं, फॉर्मल्डिहाइड लागतं, सायनाइड लागतं. रंगाऱ्याच्या हौदातल्या जिवाणूंची जागा सोडियम डायथायोनाइटने घेतली. काम झटपट होतं, पण त्यातून होणारे सल्फेट-सल्फाइट सांडपाण्यात जातात आणि नळसुद्धा खातात.

आता १९८३. अमेरिकेत ॲमजेन कंपनीत बर्ट एन्सली आणि सहकारी ई. कोलाय या जिवाणूत दुसऱ्या एका जिवाणूची जनुकं घालत होते. हा दुसरा जिवाणू स्यूडोमोनास, आणि ती जनुकं नॅप्थॅलिन पचवण्याची. आली ना आपली डांबरगोळी परत! बशीतल्या वसाहती निळ्या झाल्या. कारण असं की ई. कोलाय स्वतःच इंडोल बनवतो, आणि नॅप्थॅलिनवर काम करणारं नवं विकर त्या इंडोलवरही चाललं. हवा लागली आणि नीळ झाली. निळीसाठी कोणी आज्ञावली लिहिलीच नव्हती.

म्हणून ‘प्रोग्रॅम’ या शब्दाशी आमचं थोडं भांडण आहे. संगणकाला स्वतःचं काही काम नसतं. जिवाणूला असतं. त्याला जगायचं असतं, दोनाचे चार व्हायचं असतं. आपलं जनुक त्याला ओझं वाटलं की ते टाकून दिलेल्या भावंडांची वाढ जोरात होते. जेनेनकोर कंपनीने हे काम पुढे नेलं, तेव्हा निळीबरोबर इंडिरुबिन हा लाल रंगही येऊ लागला आणि तो काढायला आणखी एक विकर योजावं लागलं. ग्लुकोजपासून नीळ झाली, डेनिम रंगलं, पण स्वस्त रासायनिक निळीपुढे भावात टिकली नाही.

२०१८ मध्ये बर्कलीच्या जॉन ड्यूबर यांच्या गटाने वेगळा विचार केला. जिवाणूला नीळ करायला लावायचीच कशाला? त्यांनी जपानी निळीच्या झाडातलं जनुक ई. कोलायमध्ये घातलं आणि त्याच्याकडून इंडिकन करवून घेतलं. इंडिकन पाण्यात विरघळतं. ते कापडावर घ्यायचं, विकराने साखर तोडायची, नीळ धाग्यातच तयार होते. डायथायोनाइटची गरज नाही. पानाने जे केलं होतं तेच हे. आम्हाला स्वतःला या सगळ्या कथेतली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

मात्र जिवाणूला साखर लागते, आणि साखर शेतातून येते. ऊस कोणाच्या पाण्यावर वाढतो हे महाराष्ट्रात बसलेल्यांना सांगायला नको. आणि आंबवणं म्हणजे आपोआप स्वच्छ, हेही नाही. मळीपासून अल्कोहोल करणारी यीस्ट काही विषारी नसते, पण एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश निघतो. तो ओढ्यात सोडला की काय होतं, हे डिस्टिलरीजवळच्या गावाला विचारा.

आज बाजारातली जवळजवळ सगळी नीळ ॲनिलिनचीच आहे आणि तिचा मोठा वाटा चीनमध्ये तयार होतो. जिवाणूची नीळ त्या भावाला येईपर्यंत कारखानदार ती घेणार नाही. सांडपाण्याचा खर्च आज त्या भावात धरलेलाच नाही, तो नदीकाठच्यांच्या नावावर आहे, चंपारणच्या तावानासारखा. तो धरला तर दोन्ही भावांतलं अंतर किती उरेल, हे कोणीतरी मांडून पाहायला हवं. पहिल्या रांगेतले गृहस्थ मघापासून हात वर करून आहेत, तेव्हा आता प्रश्न घेऊ.