व्हेनेरा

व्हेनेरा : शुक्र ग्रहाच्या अन्वेषणासाठी सोव्हिएट संघाने १९६१ ते १९८३ या काळात सोडलेल्या अवकाशयानांची मालिका. दुसऱ्या ग्रहाच्या वातावरणातून थेट मोजमापे पाठवणारे पहिले यान (व्हेनेरा ४, १९६७), दुसऱ्या ग्रहावर उतरून तेथून संदेश पाठवणारे पहिले यान (व्हेनेरा ७, १९७०) आणि तेथील पृष्ठभागाचे छायाचित्र पाठवणारे पहिले यान (व्हेनेरा ९, १९७५) ही तिन्ही या मालिकेतील होत. शुक्रावरील खडकांच्या रासायनिक संघटनाविषयी आज जी प्रत्यक्ष माहिती उपलब्ध आहे, ती सर्व व्हेनेरा आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या व्हेगा यानांनी मिळवलेली आहे.

मालिकेतील यानांना १ ते १६ असे क्रमांक आहेत. तथापि एकूण उड्डाणे याहून अधिक झाली. पृथ्वीच्या कक्षेतून बाहेर पडू न शकलेल्या यानांना व्हेनेरा हे नाव न देता त्यांची नोंद स्पुटनिक किंवा कॉसमॉस अशा सर्वसाधारण नावाखाली होई, आणि प्रक्षेपणातच नष्ट झालेल्यांची घोषणाच होत नसे. त्यामुळे अपयशांची संख्या निरनिराळ्या याद्यांत निरनिराळी दिसते.

पूर्वपीठिका : शुक्र पृथ्वीला सर्वांत जवळ येणारा ग्रह असला, तरी त्याच्यावरील ढगांचे आवरण कधीच विरत नसल्याने दुर्बिणीतून त्याचा पृष्ठभाग दिसत नाही. मिखाइल लोमोनोसोव्ह यांनी १७६१ मधील अधिक्रमणाच्या वेळी शुक्राला वातावरण असल्याचे ताडले असे रशियन ग्रंथांत आवर्जून सांगितले जाते. त्यांना नेमके काय दिसले याविषयी मतभेद आहेत. ढगांखाली दलदल, समुद्र किंवा वाळवंट असावे अशा कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचलित होत्या. १९५० नंतरच्या दशकात रेडिओ दुर्बिणींनी शुक्राकडून येणारे सूक्ष्मतरंग मोजले, तेव्हा ३०० °से.च्या आसपासचे तापमान सूचित झाले. ही उष्णता पृष्ठाची की वातावरणाच्या वरच्या थरांची, हा प्रश्न अमेरिकेच्या मरिनर २ यानाने (१४ डिसेंबर १९६२) पृष्ठाच्या बाजूने बराचसा निकालात काढला. तरीही सोव्हिएट अभिकल्पकांनी पाण्याची शक्यता सोडली नव्हती. व्हेनेरा ४ चा अवतरक पाण्यावर तरंगेल असा केला होता आणि त्यातील एक कुलूप साखरेचे होते. समुद्रात पडल्यास साखर विरघळून अँटेना मोकळी व्हावी, ही योजना.

आरंभीची याने : व्हेनेरा १ (प्रक्षेपण १२ फेब्रुवारी १९६१) शुक्राजवळून गेले, पण त्याआधीच त्याचा संपर्क तुटला होता. व्हेनेरा २ आणि ३ यांची हीच गत झाली. व्हेनेरा ३ मूक अवस्थेतच १ मार्च १९६६ रोजी ग्रहावर आदळले. १९६५ मध्ये शुक्रयाने बनवण्याचे काम सर्गेई कोरोल्योव्ह यांच्या अभिकल्प कार्यालयाकडून गिओर्गी बाबाकिन यांच्या नेतृत्वाखालील लावोच्किन कार्यालयाकडे आले. बाबाकिन १९७१ मध्ये वारले. पण पृष्ठावर पोचणाऱ्या यानांची मूळ आखणी त्यांच्याच काळातली आहे.

दाबाचा प्रश्न : व्हेनेरा ४ ने १८ ऑक्टोबर १९६७ रोजी हवाई छत्रीने खाली उतरताना सुमारे दीड तास मोजमापे पाठवली. वातावरण ९० टक्क्यांहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइडचे असल्याचे त्यावरून कळले. संदेश थांबला तेव्हा तापमान २६२ °से. आणि दाब सुमारे २० वातावरण (पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या २० पट) होता. यान पृष्ठावर पोचले आणि तेथील दाब एवढाच आहे, असे प्रथम जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी मरिनर ५ शुक्रामागून गेले. वातावरणातून वाकून आलेल्या त्याच्या रेडिओ तरंगांवरून, तसेच पृथ्वीवरील रडारने काढलेल्या ग्रहाच्या त्रिज्येवरून, पृष्ठ याहून कितीतरी खाली असले पाहिजे असे दिसले. व्हेनेरा ४ च्या उंचीमापकाचे एकच वाचन दोन वेगवेगळ्या उंचींना लागू पडत होते, आणि त्यांतली खालची उंची खरी मानली गेली होती. यान प्रत्यक्षात सुमारे २५ किमी. उंचीवरच चिरडले गेले.

व्हेनेरा ५ आणि ६ (मे १९६९) अधिक मजबूत होती. हवाई छत्र्या लहान केल्या होत्या, म्हणजे वीजघट संपण्यापूर्वी ती अधिक खाली पोचावीत. तीही पृष्ठापासून १५ किमी.पेक्षा जास्त उंचीवर असतानाच निकामी झाली. मग व्हेनेरा ७ साठी टिटॅनियमचे कवच करून ते १८० वातावरण दाब आणि ५४० °से. तापमान सोसेल इतके भक्कम केले गेले. या वाढीव वजनापायी वैज्ञानिक उपकरणे कमी करावी लागली. १५ डिसेंबर १९७० रोजी उतरताना हवाई छत्री फाटली, यान सेकंदाला सुमारे १६ मी. वेगाने आपटले आणि संदेश बंद पडल्यासारखे वाटले. पुढे ध्वनिफितींची छाननी करताना गोंगाटात बुडालेला, मूळ तीव्रतेच्या जेमतेम एक टक्का असलेला संदेश सापडला. तो सुमारे २३ मिनिटे चालू होता. यान बहुधा आडवे पडल्याने त्याची अँटेना पृथ्वीकडे राहिली नव्हती. उपकरणांची वाचने आळीपाळीने पाठवणारा बदलक अडकल्यामुळे फक्त तापमान कळले : सुमारे ४७५ °से. त्यावरून गणिताने दाब ९० वातावरण निघाला. व्हेनेरा ८ ने २२ जुलै १९७२ रोजी दिवसाच्या बाजूला उतरून हे दोन्ही आकडे मोजून पक्के केले आणि पृष्ठावर छायाचित्रे घेण्याइतका उजेड आहे हेही दाखवले.

दुसऱ्या पिढीचे अवतरक : १९७५ पासून प्रोटॉन हा मोठा अग्निबाण वापरला गेला आणि यानाचे वजन सुमारे ५ टनांवर गेले. खालच्या थरांत हवा इतकी दाट असते की छत्रीची गरज राहत नाही. म्हणून सुमारे ५० किमी. उंचीवर ती टाकून दिली जाई, आणि डोक्यावरच्या रुंद धातूच्या चकतीच्या रोधाने अवतरक सेकंदाला ७-८ मी. वेगाने खडकावर टेके. उतरण्यापूर्वी त्याचा अंतर्भाग शून्याखाली थंड करून ठेवत. संदेश थेट पृथ्वीकडे न पाठवता वरून जाणाऱ्या मुख्य यानामार्फत पाठवले जात. ते क्षितिजाखाली गेले की अवतरक चालू असूनही संपर्क संपे. म्हणून व्हेनेरा ९ चे ५३ मिनिटे किंवा व्हेनेरा १० चे ६५ मिनिटे हे आकडे ‘आयुष्य’ म्हणून देण्याची पद्धत बरोबर नाही. सर्वाधिक काळ, म्हणजे १२७ मिनिटे, संदेश व्हेनेरा १३ कडून आले. त्याचे अपेक्षित कार्य ३२ मिनिटांचे होते.

खडकांचे विश्लेषण : कार्यक्रमाचे सर्वांत टिकाऊ फलित हेच. व्हेनेरा ८ ने गॅमा किरणांवरून पोटॅशियम सुमारे ४ टक्के, युरेनियम २.२ आणि थोरियम ६.५ भाग प्रतिदशलक्ष असे प्रमाण दिले. पृथ्वीवर असे आकडे ग्रॅनाइटाशी जुळतात. त्यावरून शुक्रावर खंडीय कवच असल्याचा तर्क झाला. मात्र व्हेनेरा ९ आणि १० यांना पोटॅशियम अर्ध्या टक्क्याहूनही कमी आढळले, आणि ते बेसाल्टाचे लक्षण आहे. व्हेनेरा ८ चा खडक ग्रॅनाइटसदृश की अल्कधर्मी बेसाल्ट, याचा निर्णय तीन मूलद्रव्यांच्या आकड्यांवरून होणे शक्य नाही.

पूर्ण विश्लेषण व्हेनेरा १३ (१ मार्च १९८२) आणि १४ (५ मार्च १९८२) यांनी केले. व्लादिमिर बार्मिन यांच्या कार्यालयाने केलेल्या गिरमिटाने सुमारे ३० मिमी. खोल छिद्र पाडले. त्यातील चुरा बाहेरच्याच प्रचंड दाबाच्या साहाय्याने कप्प्याकप्प्यांतून आत ओढला जाई. शेवटच्या कप्प्यात दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या विसाव्या भागाइतका आणि तापमान सुमारे ३० °से. असे. तेथे यूरी सुर्कोव्ह यांच्या गटाचे क्ष-किरण अनुस्फुरण उपकरण एक घन सेंमी. चुऱ्यातील मूलद्रव्ये मोजी. व्हेनेरा १३ ला सिलिका ४५.१ टक्के आणि पोटॅशियम ऑक्साइड ४ टक्के मिळाले; व्हेनेरा १४ ला सिलिका ४८.७ आणि पोटॅशियम ऑक्साइड केवळ ०.२ टक्के. दोन्ही जागा फीबी या उंचवट्याच्या पूर्व उतारावर, एकमेकींपासून सुमारे ९५० किमी. अंतरावर असूनही पहिला खडक पोटॅशियमयुक्त अल्कधर्मी बेसाल्ट आणि दुसरा थोलेआइटिक बेसाल्ट ठरला. सह्याद्रीचा कातळ बहुतांशी या दुसऱ्या जातीचा आहे. सोडियम हलके असल्याने या पद्धतीने मोजता येत नाही. प्रसिद्ध कोष्टकांतील त्याचा आकडा अंदाजी आहे, याकडे वापरणाऱ्यांचे सहसा दुर्लक्ष होते. गंधकाचे प्रमाण ताज्या बेसाल्टाहून जास्त निघाले. वातावरणातील सल्फर डाय-ऑक्साइड खडकातील कॅल्शियमाशी संयोग पावत असावा, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

छायाचित्रे : व्हेनेरा ९ (२२ ऑक्टोबर १९७५) च्या चित्रात कडा शाबूत असलेले दगड विखुरलेले दिसतात, व्हेनेरा १० च्या चित्रात सपाट फरशा. अर्नोल्ड सेलिव्हानोव्ह यांच्या गटाचे हे कॅमेरे फिरत्या आरशाने एकेक उभी रेघ टिपत; म्हणून चित्रांत क्षितिज कोपऱ्यांत तिरपे येते. दोन्ही यानांच्या दोन कॅमेऱ्यांपैकी एकेकाचे झाकण निघाले नाही. व्हेनेरा ११ आणि १२ (डिसेंबर १९७८) यांचे एकही निघाले नाही, त्यामुळे त्यांच्याकडून चित्रे नाहीत. व्हेनेरा १३ आणि १४ ची चित्रे रंगीत आहेत. त्यांतला नारिंगी रंग दाट हवेतून गाळून आलेल्या प्रकाशाचा असून खडक स्वतः करडे असावेत. व्हेनेरा १४ चे मृदामापक नेमके गळून पडलेल्या झाकणावर टेकले आणि त्याने झाकणाचाच कठीणपणा मोजला, असे सांगितले जाते. व्हेनेरा १३ च्या चित्रांत हलणारे जीव दिसतात असा दावा २०१२ मध्ये एका रशियन नियतकालिकात झाला; तो मान्य झालेला नाही.

वारे व विजा : पृष्ठालगत वारा सेकंदाला अर्धा ते एक मीटर वेगाने वाहतो. विजांसारखे रेडिओ स्पंद व्हेनेरा ११ ते १४ यांनी नोंदवले, पण त्यांचा अन्वयार्थ वादग्रस्त आहे.

रडार नकाशे : व्हेनेरा १५ आणि १६ (ऑक्टोबर १९८३) शुक्राभोवती फिरत राहिली आणि त्यांनी ३० अंश उत्तर अक्षांशापलीकडचा, म्हणजे एकूण पृष्ठाच्या सुमारे एक चतुर्थांश भागाचा नकाशा १-२ किमी. विभेदनाने केला. वर्तुळाकार ‘कोरोना’ आणि फरशीसारख्या भेगाळलेल्या ‘टेसेरा’ या भूरूपांची ओळख यातून झाली. अमेरिकेच्या मॅजेलन यानाने (१९९०-९४) पुढे ९८ टक्के पृष्ठ अधिक बारकाईने रेखाटले. शुक्रावरील ठिकाणांना स्त्रियांची आणि देवतांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचा संकेत आहे (मॅक्सवेल पर्वत हा एक अपवाद). उत्तरेकडील मोठ्या पठाराला लक्ष्मीचे नाव आहे, विवरांत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचे ‘जोशी’, पंडिता रमाबाईंचे ‘मेधावी’ आणि मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या डॉ. जेरुशा झिराड यांचे ‘झिराड’ ही नावे आढळतात.

व्हेगा : व्हेगा १ आणि २ यांनी जून १९८५ मध्ये शुक्रावर अवतरक आणि हीलियमचे फुगे सोडले व नंतर ती हॅलीच्या धूमकेतूकडे गेली. फुगे सुमारे ५४ किमी. उंचीवर ४६ तास वाहत राहिले. व्हेगा १ चे गिरमिट हवेतच सुरू झाल्याने नमुना मिळाला नाही. व्हेगा २ ला मिळालेला खडक पोटॅशियमाने गरीब आणि गंधकाने समृद्ध निघाला.

कॉसमॉस ४८२ : व्हेनेरा ८ चे जोडयान. मार्च १९७२ मध्ये पृथ्वीच्या कक्षेतच अडकले. अवतरक १० मे २०२५ रोजी वातावरणात परतला.

नंतरचे कार्य : व्हेगानंतर शुक्राच्या पृष्ठावर एकही यान उतरलेले नाही. युरोपचे व्हीनस एक्सप्रेस (२००६-१४) आणि जपानचे आकात्सुकी (२०१५-२४) ही परिभ्रमण करणारी याने होती. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये १,२३६ कोटी रुपयांची मंजुरी दिलेली मोहीमही त्याच प्रकारची आहे. अमेरिकेच्या नियोजित डाव्हिंची यानातील गोलक खाली उतरताना मुख्यतः वातावरणाचे पृथक्करण करील. त्याच्याजवळ गिरमिट नाही. रशियाचा व्हेनेरा-डी हा अवतरकाचा प्रस्ताव अनेक वर्षे विचाराधीन आहे. संपूर्ण खडक-विश्लेषणे अद्याप तीनच आहेत.