गोचिडाच्या पोटातला विषाणू

कात्रजचा जुना बोगदा ओलांडून तुम्ही पुण्याच्या अंगाला उतरता, ते थेट १९५४ सालात. खाली पेशवाईतलं तळं, भोवती मोकळी रानं. उतारावर धनगराचा वाडा बसलाय. एका मेंढीच्या कानामागे बोट फिरवताच वाटाण्याएवढा फुगलेला गोचीड हाताला लागतो. ''ओढू नगा, पावणं. तोंड आतच ऱ्हातंय,'' म्हातारा धनगर हात धरतो.

त्या गोचिडाच्या पोटात काय असू शकतं, हे शोधणारी प्रयोगशाळा शहरात दोन वर्षांपूर्वीच उघडली आहे: रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं विषाणू संशोधन केंद्र, आजची एनआयव्ही. तुम्ही आत शिरता. टेबलावरचे गोचीड मात्र कात्रजचे नाहीत. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात, कमरेतून लुळ्या पडलेल्या शेळीच्या अंगावरून ते आणलेत. खलात घोटून त्यांचा द्राव उंदरांच्या दूधपित्या पिल्लांच्या मेंदूत टोचतात. पिल्लं आजारी पडतात. विषाणू सापडला, पण नावानिशी जगासमोर यायला १९६९ उजाडतं. संशोधक दंडवते आणि शाह त्याला 'गंजाम' म्हणतात.

आता आणखी मागे चला, १९१० सालच्या नैरोबीला. मेंढ्यांना सणकून ताप, रक्तमिश्रित हगवण. गाभण मेंढ्या गाभडतात, कळपातली निम्म्याहून अधिक जनावरंही दगावतात. माँटगोमेरी नावाचे संशोधक १९१७ मध्ये दाखवून देतात की हा रोग गोचीड पसरवतो. हाच 'नैरोबी शीप डिसीज'. त्याचा विषाणू आणि गंजाम ही मुळात एकाच विषाणूची रूपं आहेत, हे जनुकांची तुलना होऊन २००२ साली पक्कं झालं. दोन खंडांतल्या दोन नोंदी जुळायला इतकी वर्षं लागावीत, याची मला खरोखर हळहळ वाटते.

मधल्या एका थांब्यावर उतराच. आंध्रातल्या पलमनेरच्या मेंढीफार्ममध्ये परदेशी आणि संकरित मेंढ्या तापानं फणफणतात. १९८१ मध्ये छापलेला तपास गंजामकडे बोट दाखवतो. रोगाच्या टापूत वाढलेल्या देशी जनावरांच्या रक्तात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. बाहेरून आणलेल्यांकडे ती नसते. याच काळात पुण्याच्या प्रयोगशाळेत हा विषाणू हाताळणारी माणसंही तापानं आजारी पडली. त्यांचं ऋण आपण क्वचितच आठवतो.

शेवटी २००५. एनआयव्हीचे संशोधक आता लांब गेलेले नाहीत. पुण्याच्या आसपासच्या पाळीव जनावरांच्या अंगावरून चिमट्यानं गोचीड वेचून त्यांनी कुप्यांत भरलेत. तुम्ही त्यांच्या शेजारी उभे राहून निकाल वाचता: गंजाम. या रोगावर बाजारात लस नाही. म्हणून बाजारातून नवी मेंढी आणलीत, तर कळपात सोडण्याआधी तिचे कान, जांघा आणि शेपटीखालची जागा नीट तपासा. ताप आणि पातळ हगवण दिसली, तर पशुवैद्यकाला गोचिडांबद्दल आवर्जून सांगा.