ऑफर येणार का?

पनवेलच्या माणसाला तेल कंपन्यांच्या शेअरचं एवढं वेड का, असं पुण्याचे नातेवाईक मला विचारतात. मी म्हणते, त्याला दुसरं दिसतं तरी काय? गोव्याच्या रस्त्याला ओएनजीसी, उरणला बॉम्बे हायचं तेल आणि वायू किनाऱ्यावर घेणारा प्रकल्प, रसायनीला एके काळी हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स, पाताळगंगेला रिलायन्स आणि कॅस्ट्रॉल. ज्या घरात पगार या कारखान्यांतून आला, त्या घराने शेअरही त्यांचे किंवा त्यांच्या भावकीतलेच घेतले. पण पनवेलकर हे शेअर तेलासाठी धरून बसला नव्हता. तो बसला होता कुणीतरी बडा गिऱ्हाईक येऊन कंपनी उचलेल आणि जाता जाता आपलेही शंभर शेअर चढ्या भावाने घेईल, या आशेवर.

हे मी जवळून पाहिलं. लाईन आळीच्या बाजूला एका सब-ब्रोकरकडे 1994 साली मी हिशेबाला लागले. तेव्हा शेअर म्हणजे खरोखरचा कागद. ट्रान्सफर फॉर्म भरायचा, मागे तिकिटं डकवायची, आणि सहीतला एखादा फाटा इकडचा तिकडे झाला की तीन आठवड्यांनी ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणून गठ्ठा परत. हार्बर लोकल पनवेलपर्यंत आली 1998 मध्ये. तोवर आमचा पोरगा सर्टिफिकेटांची पिशवी पोटाशी धरून एसटीने फोर्टात जायचा. मालकांना सगळं गाव काका म्हणे. काकांचा एक नियम होता: गिऱ्हाइकाला टिप द्यायची नाही, नियम समजावून सांगायचा. त्यामुळे धंदा बेताचाच राहिला.

बर्मा शेल, एस्सो, कॅल्टेक्स ही नावं पनवेलच्या जुन्या लोकांना रॉकेलच्या डब्यांमुळे आणि हमरस्त्यावरच्या पंपांमुळे पाठ होती. त्यांचे मालक परदेशात. 1974 मध्ये संसदेने कायदा करून एस्सो ताब्यात घेतली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम उभी राहिली. 1976 मध्ये बर्मा शेलची पाळी आली; पुढच्या वर्षी तिचं नाव भारत पेट्रोलियम झालं. केवढे मोठे मालकीबदल, पण सामान्य माणसाच्या कपाटात त्यांचा एकही कागद नव्हता, म्हणून कुणाचं काही गेलं नाही की आलं नाही. 1991 नंतर सरकारने निर्गुंतवणूक सुरू केली आणि हळूहळू हे शेअर बाजारात, तिथून पनवेलच्या डिमॅट खात्यांत आले. सत्तरच्या दशकातले ते दोन कायदे मात्र दप्तरात तसेच पडून होते. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

खरा खेळ सुरू झाला तो बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या 1997 च्या टेकओव्हर नियमांनी. न्यायमूर्ती भगवती समितीच्या शिफारशींवर ते बेतलेले होते. गाभा सोपा: कुणी कंपनीचा 15 टक्के (अगदी सुरुवातीला 10) वाटा किंवा ताबा घेतला, तर त्याने उरलेल्या भागधारकांकडून आणखी 20 टक्के घेण्याची जाहीर ऑफर द्यायची, आणि मोठ्याला दिलेल्या भावापेक्षा कमी भाव द्यायचा नाही. काका हे वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून समजावत. ऐकणारा बहुधा वीस टक्क्यांचा आकडा विसरून जाई आणि ‘चढा भाव’ एवढंच घेऊन घरी जाई.

2002 च्या फेब्रुवारीत आयबीपीचं प्रकरण झालं आणि गावाला ताप चढला. आयबीपी म्हणजे इंडो-बर्मा पेट्रोलियम, 1909 सालची रंगूनची कंपनी. सरकारकडे तिचे 59.58 टक्के होते, त्यातले 33.58 टक्के विकायला काढले. इंडियन ऑइलने बोली लावली शेअरमागे 1,551 रुपये, एकूण 1,153 कोटींच्या वर. बाकीच्यांच्या बोल्या त्याच्या जवळपासही नव्हत्या. मग नियमाप्रमाणे वीस टक्क्यांची ओपन ऑफर आली. ज्यांच्याकडे आयबीपी होता ते मोजकेच. पण ज्यांच्याकडे नव्हता असे लोक जास्त संख्येने ऑफिसात येऊन बसू लागले.

ऑफरची कागदं भरताना मात्र चेहरे उतरले. जनतेकडे चाळीस टक्के आणि घेणार वीस. सगळ्यांनी दिले तर शंभरातले पन्नास जाणार, पन्नास परत खात्यात येणार. डिलिव्हरी स्लिपवर ऑफरच्या खास खात्याचा नंबर लिहायचा, लेटर ऑफ ऑफरच्या फॉर्मवर सही करायची, आणि वाट बघायची. एका निवृत्त मास्तरांनी मला विचारलं, “ताई, उरलेले पन्नास कोण घेणार त्या भावाने?” कुणीच नाही, हे उत्तर मी दिलं. दोन वर्षांनी, 2004 च्या फेब्रुवारीत, सरकारने आयबीपीतला आपला उरलेला 26 टक्के वाटा लोकांना विकला तेव्हा भाव होता 620. इंडियन ऑइलचा वाटा ऑफरनंतर 53.58 वर थांबला. म्हणजे तिने वीस टक्के पुरते घेतले आणि एकही जास्त नाही.

पण गावाच्या डोक्यात 1,551 चाच आकडा बसला. आयबीपीला एवढे, तर पंपांचं आणि रिफायनरीचं एवढं मोठं जाळं असणाऱ्या हिंदुस्तान पेट्रोलियमला, म्हणजे एचपीसीएलला, किती? 2003 च्या जानेवारीत सरकारने ठरवलं की एचपीसीएलचा 34.01 टक्के वाटा बड्या खरेदीदाराला द्यायचा आणि भारत पेट्रोलियमचा, म्हणजे बीपीसीएलचा, लोकांना विकायचा. निर्गुंतवणूक मंत्री अरुण शौरी त्यासाठी हट्टाला पेटलेले, पेट्रोलियम मंत्री राम नाईक नाखूश. शेल, अरामको, रिलायन्स अशी नावं रोज छापून येत होती. बायकांच्या भिशीत एचपीसीएलचा भाव विचारला जाई, हे मी कानांनी ऐकलंय.

आणि 16 सप्टेंबर 2003 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: या कंपन्या संसदेच्या कायद्याने सरकारच्या मालकीच्या झाल्या आहेत, तो कायदा बदलल्याशिवाय सरकारला त्या खासगी हातांत देता येणार नाहीत. दप्तरात पडलेले सत्तरच्या दशकातले ते कायदे असे अचानक उठून बसले. भाव कोसळला. आमच्या ऑफिसात कुणीही ते कायदे वाचले नव्हते. पण दिल्लीच्या मोठमोठ्या सल्लागारांनी तरी कुठे मनावर घेतले होते? पुढे 2016 मध्ये निरुपयोगी कायद्यांच्या एका लांबलचक यादीत घालून संसदेने ते रद्द केले. त्या बातमीचा अर्थ ज्याला कळला त्याने तेव्हा शेअर घेतले असतील. आमच्याकडच्या कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

केर्नची गोष्ट खासगी कंपनीची, म्हणून वेगळी. राजस्थानात बाडमेरला मंगला तेलक्षेत्र सापडलं, आणि केर्न इंडियाचा इश्यू 160 रुपयांनी आला. ऑगस्ट 2010 मध्ये वेदांताने कंपनी घ्यायचं जाहीर केलं. परदेशातल्या मूळ मालकाला शेअरमागे 405, आणि लहान भागधारकाला 355. मधले पन्नास रुपये म्हणे ‘पुन्हा याच धंद्यात स्पर्धा करणार नाही’ या हमीचे. काका शांत माणूस, पण त्या दिवशी टेबलावर हात आपटून म्हणाले, “मग आपल्या जोशीबुवांकडूनही लिहून घ्या की, ते बाडमेरला विहीर खणणार नाहीत, आणि द्या त्यांनाही पन्नास!” बुवा समोरच बसले होते. 2011 च्या एप्रिलमध्ये सेसा गोवाच्या नावाने ऑफर आली तीही 355 लाच. त्यात आणखी एक खोच होती. बाजारात विकलं तर वर्षाहून जुन्या शेअरच्या नफ्यावर कर नव्हता. ऑफरमध्ये बाजाराबाहेर दिलं तर होता. आम्ही एकेकाला आकडेमोड करून दाखवत होतो, आणि बहुतेकांनी ऑफरला हात न लावता बाजारातच माल काढला. त्याच वर्षी सेबीने नियम बदलले: स्पर्धेच्या हमीचे पैसेही सर्वांना मिळणाऱ्या भावातच मोजायचे, मर्यादा पंधरावरून पंचवीस टक्के, ऑफर वीसऐवजी सव्वीसची.

त्यातल्या त्यात चांगली आठवण एस्सार ऑइलची. 2015 मध्ये कंपनी बाजारातून काढून घेताना भागधारकांना 262 रुपये 80 पैसे मिळाले. दीड-दोन वर्षांनी रोसनेफ्ट आणि तिच्या जोडीदारांनी ती कंपनी घेतली आणि जुन्या भागधारकांना शेअरमागे आणखी 75 रुपये 48 पैसे आले. विकून मोकळ्या झालेल्या शेअरचे पैसे पुन्हा खात्यात जमा होतात, हे लोकांना पटेना. एक आजी बँकेची चूक समजून पासबुक घेऊन आल्या होत्या.

2018 चं प्रकरण मात्र पनवेलच्या दोन घरांत भांडण लावणारं. ओएनजीसीने सरकारकडून एचपीसीएलचे 51.11 टक्के घेतले, शेअरमागे 473 रुपये 97 पैसे, एकूण 36,915 कोटी. बाजारभाव तेव्हा सव्वाचारशेच्या आत. म्हणजे चढा भाव आला, मालक बदलला, मग ऑफर? नाही. दोन्हीकडचा अखेरचा मालक सरकारच, तेव्हा ताबा बदलला असं धरलंच नाही. पंधरा वर्षं एचपीसीएल धरून बसलेल्यांच्या तोंडचा घास असा गेला. ओएनजीसीचे नोकर भागधारक वेगळ्याच कारणाने चिडले: आमच्या कंपनीने कर्ज काढून सरकारची तूट भरली. दोघांचंही म्हणणं माझ्या मते बरोबर होतं. मला त्यात सरकारची चलाखी दिसते, आणि ती नियमात बसणारी होती म्हणून अधिक खुपते. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला तेल कंपन्यांनी लिटरमागे एक रुपया सोसायचा, असं अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी एचपीसीएल दोनशेच्या खाली.

रसायनीच्या लोकांची दैना निराळीच. हिंदुस्तान ऑरगॅनिक बुडत होती, तरी ‘मोठी कंपनी घेईल’ म्हणून भागधारक तग धरून होते. मोठी कंपनी आली, पण तिने कारखाना घेतला नाही, जमीन घेतली. 2017 च्या निर्णयाने 442 एकर बीपीसीएलला 618 कोटी 80 लाखांना गेले, आणि अग्निबाणासाठी लागणारं रसायन बनवणारा एक विभाग तेवढा इस्रोकडे. ऑफर नावालाही नव्हती.

आता बीपीसीएल. 20 नोव्हेंबर 2019 ला मंत्रिमंडळाने सरकारचा 53.29 टक्के वाटा विकायला मंजुरी दिली. भाव साडेपाचशेला टेकला. कायद्याचा अडसर गेलेला, खरेदीदार खासगी, म्हणजे या वेळी सव्वीस टक्क्यांची ऑफर नक्की, असा हिशेब. मार्चमध्ये निविदा निघाली आणि टाळेबंदी लागली. मुदत चार वेळा वाढली. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत तेलाचा वायदा शून्याच्या खाली गेला, त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने मला घरी फोन केला: “तेल फुकट वर पैसे देऊन घालवतायत, मग कंपनी कोण घेणार?” नोव्हेंबरात वेदांता आणि दोन परदेशी फंडांची नावं आली, रिलायन्स आलीच नाही. सरकारकडून ही विक्री सांभाळणारे सचिव तुहिन कांत पांडे; तेच पुढे 2025 मध्ये सेबीचे अध्यक्ष झाले. मधल्या काळात नुमालीगड रिफायनरी विकून कंपनीने 58 रुपये लाभांश दिला, त्यात लोकांनी समाधान मानलं. मग निवडणुकांच्या तोंडावर पंपावरचे दर चार महिन्यांहून जास्त गोठले आणि युक्रेनच्या युद्धाने तेल शंभर डॉलरच्या पार. दर ठरवायचा हक्क आपल्याकडे राहणार नसेल, तर अशी कंपनी कोण घेईल? मे 2022 मध्ये सरकारने प्रस्ताव मागे घेतला तेव्हा भाव सव्वातीनशेच्या आसपास होता.

मी आता घरीच असते, पण फोन येतात. 2025 मध्ये ते कॅस्ट्रॉलचे होते. हिचा कारखाना आमच्या पाताळगंगेत. 1966 मध्ये बर्मा ऑइलने कॅस्ट्रॉल घेतली, 2000 मध्ये बीपीने बर्मा कॅस्ट्रॉल, आणि भारतातल्या कंपनीत परदेशी मालकाचा वाटा एकावन्नवरून एकाहत्तरवर गेला, पुढे 2016 मध्ये पुन्हा एकावन्नवर आला. फेब्रुवारी 2025 मध्ये बीपीने कॅस्ट्रॉलचा फेरविचार करतोय म्हणून सांगितलं आणि जुना ताप परतला. अफवांवर भाव दोनशेच्या बराच वर जाऊन आला. नाताळच्या आदल्या दिवशी स्टोनपीक या अमेरिकी फर्मला 65 टक्के द्यायचं ठरलं, आणि इथल्या भागधारकांसाठी ऑफर जाहीर झाली 194 रुपये आणि वर काही पैसे.

त्याच कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी सगळे शेअर द्यायचे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, “भाऊ, एकावन्न त्यांचे, एकोणपन्नास तुमचे-माझे, ऑफर सव्वीसची. सगळ्यांनी दिले तर शंभरातले त्रेपन्न जातील. बाकीच्यांचं काय ते आधी ठरवा.” ते म्हणाले, लाभांश वर्षातून दोनदा येतो, तो त्रेपन्नांवर बंद होईल का सत्तेचाळीसांवर चालू राहील, एवढंच सांगा.