लेकी कुठे दिल्या

देहूच्या मोरे घराण्याची वंशावळ कीर्तनकार एका दमात सांगतात: विश्वंभर, हरी, विठ्ठल, पदाजी, शंकर, कान्होबा, बोल्होबा आणि आठवे तुकोबा. बायकांपैकी विश्वंभरबाबांच्या आमाबाई आणि तुकोबांच्या आई कनकाई, एवढ्याच कानावर पडतात. मधल्या पाच पिढ्यांच्या सुना कोणाच्या लेकी होत्या? तुकोबांच्या पत्नी जिजाबाईंचं माहेर पक्कं सांगतात, पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांचं. ज्यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले त्या संताजी जगनाडेंची समाधी आमच्या सुदुंबऱ्यात आहे. लिहून ठेवण्याची किंमत या गावाला कळायलाच हवी!

मी इथली सून. आजेसासूबाईंचं माहेर शोधायला बसले. २०२३पासून कुणबी नोंदींसाठी घरोघरी जुनी दप्तरं उघडली गेली, तेव्हा आम्हीही कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढली. मोडी वाचणाऱ्या गुरुजींनी जन्माच्या एका ओळीवर बोट ठेवलं. बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे नुसतं ‘मुलगी’. जमिनीच्या फेरफारात आजेसासूबाई दिसल्या त्या विधवा झाल्यावर, वारस म्हणून.

माहेर सापडलं त्र्यंबकेश्वरी. तिथल्या उपाध्यांनी गाव, आडनाव विचारून यात्रेकरू घराण्यांच्या नामावळीची लांबट वही काढली. यात्रेला आलेल्या आजेसासूबाईंच्या भावाने आपल्या घराण्याच्या पानावर लिहवून घेतलं होतं: बहीण, दिली सुदुंबरे. मी त्याच पानावर त्यांचं माहेरचं नाव घालायला सांगितलं. मग आमच्या पानावर सासूबाईंचं, जावांचं आणि माझं, प्रत्येकीच्या माहेरच्या गावासकट.