आरोळीचा कोस

जळगावच्या बसस्थानकावर धुळे किती लांब म्हणून विचारले, तर उत्तर बहुधा तासांत मिळते. आणि ‘दोन-अडीच तास’ असे सांगणारा तो गृहस्थ, कळत असो वा नसो, मैल-किलोमीटरांहून फार जुन्या रिवाजाने बोलत असतो. फारसी अमदानीतून आलेली ‘मजल’ हेच सांगते. अरबी ‘मंझिल’ म्हणजे उतरण्याचे ठिकाण. तेव्हा मजल ही वास्तविक लांबी नव्हेच, ती बैलांची एका दिवसाची उमेद होय.

कोसाचे कूळ त्याहून पुरातन. तो संस्कृत ‘क्रोशा’चा वंशज, आणि क्रोश म्हणजे आरोळी: एका ठिकाणी मारलेली हाक जेथवर ऐकू जाईल तेवढे अंतर. अर्थशास्त्रातील ‘गोरुत’ हे त्याचेच सगोत्र माप. तेथे गाईचे हंबरणे हा गज, आणि अशा चार गोरुतांचे एक योजन. हे माप लवचीक असणारच. कपाशीच्या रानात भर दुपारी घातलेली साद बांधापलीकडे विरते. सायंकाळी जमीन निवून जवळची हवा थंड झाली, की आवाज खाली वळतो आणि तीच साद नदीपलीकडल्या वस्तीवर कुत्री उठवते. पुढे व्यवहारात कोस सुमारे दोन मैलांचा ठरला खरा, परंतु इतक्या लांब हाक पोहोचविणारा गळा मी तरी खानदेशात ऐकलेला नाही.

हाक नदीनाल्यांना वळसा घालीत नाही, ती सरळ हवेतून जाते. म्हणजे ज्याला आपण आज मोठ्या ऐटीने हवाई अंतर म्हणतो, ते कोसाच्या जन्मातच होते. जळगाव-धुळे हे अंतर या हिशेबाने सुमारे ८३ किलोमीटर, म्हणजे सव्वीस कोस भरते. एरंडोल, पारोळ्यावरून जाणारी सडक नव्वदीच्या पुढे जाते. आगगाडीची तऱ्हा न्यारीच: १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा झाला, तेव्हापासून प्रवाशाने आधी नैर्ऋत्येस चाळीसगाव गाठावे आणि मग उत्तरेस परतावे, असा १४० किलोमीटरांहून अधिक द्राविडी प्राणायाम आहे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन ही दोन्ही शहरे दोन कचेऱ्यांची ठाणी झाली, तरी वळसा राहिलाच.

आता जळगावास विमानतळ आहे, २०१२ साली उद्घाटन झालेला. धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टी आहे, जेथे शिकाऊ वैमानिक घिरट्या घालतात. विमानाला हे सव्वीस कोस वीस मिनिटांचे काम. परंतु उतारूने बसायचे ते एस.टी.तच, आणि तेथे वाहक यंत्राची कळ दाबतो ती सहा किलोमीटरांच्या ‘टप्प्या’च्या हिशेबाने.